गाडीखालची कापशी

वाल्मीकभाऊंच्या चेहऱ्यापेक्षा मला त्यांचे पाय जास्त ओळखीचे आहेत. माझं किराणा दुकान रस्त्याच्या या बाजूला आणि शेखरशेठचं ट्रक-टेम्पोचं गॅरेज त्या बाजूला. देवळाली कॅम्पचा बाजार संपून नाशिकरोडकडे निघालं की हा पट्टा लागतो. गेली बावीस वर्षं मी गल्ल्यावर बसून समोर पाहते, तर कुठल्या ना कुठल्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले असतात. डाव्या पायाचा अंगठा हलत असेल तर माणूस काम करतोय. अंगठा थांबला की माणूस गेला.

गेला म्हणजे झोपला असंही नाही. मी एकदा विचारलं होतं, एवढा वेळ खाली करता तरी काय. तर म्हणाले, माती बघतो. ट्रकच्या पोटाला जिथली तिथली माती चिकटलेली असते. तांबडी असेल तर गाडी घाट उतरून कोकणात जाऊन आली. काळी, बोटाला न सुटणारी असेल तर त्यांच्या नांदगावकडची. एकदा पांढरी, पिठासारखी निघाली, ती म्हणे राजस्थानातली. वाल्मीकभाऊ उभ्या आयुष्यात इगतपुरीच्या पलीकडे गेलेले नाहीत, पण ती माती खरवडताना त्यांना ते गाव दिसतं, तिथली बाभळ दिसते, विहिरीवर कोण उभं आहे तेही दिसतं. मी म्हटलं, मग तिथली बस किती वाजता आहे तेही विचारून ठेवा. ते हसले. माझं बोलणं हे असं आहे. माझे मालक असताना म्हणायचे, सुला, तुझ्या जिभेला कोणीतरी ब्रेक बसवून घे, समोरच गॅरेज आहे.

ग्रीस मारणं आणि गाडीच्या पोटातली कामं, एवढंच वाल्मीकभाऊ चाळीस वर्षं करत आले. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. गॅरेजमागच्या खोलीत राहतात. हात कोपरापर्यंत काळे. संध्याकाळी डिझेलमध्ये चिंधी बुडवून पुसायचे, वरून साबण लावायचे, तरी रेघारेघांत काळं राहायचंच. आमच्या दुकानात यायचे तर सुट्टे पैसे फळीवर ठेवायचे, माझ्या हातात कधी देत नसत.

कापशी त्यांच्याकडे आली ती एका बदलीमुळे. कॅम्पात फौजी कुटुंबं येतात आणि दोन-तीन वर्षांनी सामान ट्रकवर चढवून निघून जातात. असंच एक कुटुंब गेलं आणि ही त्यांची कुत्री मागे राहिली. पांढरीशुभ्र, अंगावर लांब मऊ केस, शेपटी वर वळलेली. चार दिवस ती रस्त्याच्या कडेला बसून जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या गाडीकडे पाहत होती. पाचव्या दिवशी रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला. माझ्या बरण्या किणकिणतात त्याने, पण आम्हाला सवय आहे. तिला नव्हती. ती जी धावत सुटली ती थेट समोरच्या ट्रकखाली, वाल्मीकभाऊंच्या काखेत जाऊन शिरली. त्यांनी हातातलं काम टाकलं आणि तोफा थांबेपर्यंत तसेच पडून राहिले. ट्रकवाला केवढा तरी बोलला होता.

ती मराठीला दाद देत नसे. "बस" म्हटलं तर बघत राहायची, "बैठो" म्हटलं की लगेच बसायची. त्यामुळे वाल्मीकभाऊ, ज्यांना हिंदीचे चार शब्द धड येत नव्हते, ते कुत्रीशी हिंदी बोलू लागले. "कापशी, इधर हाय मी, घाबरू मत." हे ऐकून माझी हसता हसता पुरेवाट व्हायची. दुपारी दोघं गाडीखाली पडलेली. ती झोपेत पाय हलवायची, भरभर, लांबवर पळत असल्यासारखे. वाल्मीकभाऊ मला म्हणाले होते, "लय लांब जाती वहिनी ती. त्या लोकांच्या गाडीमागं जात असंल. जाऊ द्यावं. परत येती." आणि ती पळून येईपर्यंत ते कूस बदलत नसत.

आता त्या दिवसाचं सांगते, आणि त्यात माझा वाटा किती हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मन मोकळं होईल.

खंडेनवमीचा आदला दिवस होता. आमच्याकडे गॅरेजवाल्यांची खरी दिवाळी तीच. पाने, हातोडे, जॅक, ग्रीसगन सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचे हार घालायचे. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्याला सुट्टी. वाल्मीकभाऊ सकाळपासून घमेल्यात डिझेल घेऊन एकेक पाना ब्रशने घासत होते. बाळाला न्हाऊ घालावं तसं चाललं होतं त्यांचं. तेवढ्यात रेंजवरून आवाज आला. कापशी पळाली आणि गाडीखाली जुन्या ग्रीसचा ट्रे ठेवला होता, नेमकी त्यात पडली. बाहेर आली तेव्हा मानेपासून शेपटीपर्यंत अर्धी काळी.

मी दुकानातून ओरडून म्हटलं, "सगळी हत्यारं न्हाऊ घालताय, मग हिलाही घाला की त्याच घमेल्यात. तीही तुमच्या गॅरेजचीच आहे."

थट्टा होती हो. माझी रोजची थट्टा. गिऱ्हाईक आलं, मी गूळ तोडायला वळले आणि विसरले.

पण वाल्मीकभाऊंना थट्टा कळायला अर्धा दिवस लागतो. त्यातून त्यांच्या मनात ते आधीच असणार. पाटाशेजारी तिलाही बसवायचं, हार घालायचा. आणि ज्या माणसाने चाळीस वर्षं स्वतःचं अंग डिझेलने पुसलं, त्याच्या दृष्टीने ग्रीसला दुसरं औषधच नाही. त्यांनी तिला "बैठो" म्हटलं आणि ती घमेल्यात बसली. ब्रशने घासलं, चिंधीने पुसलं, वर दोन तांबे पाणी ओतलं. ती जागची हलली नाही, म्हणाले. थरथरत होती, पण हलली नाही. त्यांचाच हात होता ना.

संध्याकाळी ती करडी का होईना, पण चमकत होती. रात्रभर अंग चाटत राहिली.

नवमीला सकाळी मी पूजेचा नारळ घेऊन गॅरेजात गेले. पाटावर पाने ओळीने मांडलेले, उदबत्ती लावलेली, शेखरशेठ नवा सदरा घालून उभे. कापशी कोपऱ्यात पडली होती. गळ्यातला झेंडूचा हार एका बाजूला सरकलेला. पोटाखालची कातडी लालभडक झाली होती, तोंडाला फेस, पुढे दोनदा ओकलेलं. डोळे उघडे होते, पण हाक मारली तरी वळत नव्हते. वाल्मीकभाऊ तिच्यापासून दोन हातांवर उकिडवे बसले होते. ते जवळ गेले की ती मागे भिंतीत घुसायला बघायची. माझ्या हातातला नारळ मी कुठे ठेवला ते मला आजही आठवत नाही.

दवाखाना लांब. रिक्षावाले आपल्या रिक्षा धुवून, हार घालून पूजेला लागलेले, त्यातल्या एकाने कुत्री पाहून मान हलवली. गॅरेजात शेठचा जुना टेम्पो होता, पण तो धुण्यासाठी बॅटरीची तार सोडलेली. ती आवळायला पाना हवा, आणि सगळे पाने पाटावर, हळदकुंकवात. शेखरशेठ म्हणाले, थांबा, कोणाकडून तरी मागून आणतो. वाल्मीकभाऊ थांबले नाहीत. त्यांनी चप्पल काढली, पाटाला हात जोडले, आणि हारातून बारा-तेराचा पाना उचलला. ज्या माणसाने चाळीस वर्षांत नवमीला खिळासुद्धा ठोकला नव्हता, त्याने भर पूजेत तार आवळली. शेठ किल्ली घेऊन आले. टेम्पो त्यांनीच चालवला. कापशीला पोत्यावर घेऊन मी मागे बसले, कारण ती फक्त मलाच हात लावू देत होती. मला तर कुत्री कधी आवडतसुद्धा नव्हती.

डॉक्टर वैष्णवी वयाने माझ्या भाचीएवढी. तिने सगळं ऐकून घेतलं, सुई टोचली, सलाईन लावलं, आणि मग आम्हा तिघांना शाळेतल्या पोरांसारखं ओळीने उभं करून झापलं. डिझेल, पेट्रोल, रॉकेल, थिनर, यातलं काहीही कुत्र्याच्या अंगाला लावायचं नाही. कातडी भाजते. वाफ फुप्फुसात जाते. आणि कुत्रं अंग चाटतं, म्हणजे जे केसांवर लागेल ते पोटात जाणार हे धरूनच चालायचं. वाल्मीकभाऊ मान खाली घालून उभे होते, हात पाठीमागे लपवलेले. तिने ते पाहिलं आणि तिचा आवाज जरा खाली आला.

"काका, एकच लक्षात ठेवा," ती म्हणाली. "जे तुम्ही स्वतःच्या तोंडात घालणार नाही, ते हिच्या अंगाला लावायचं नाही. साबण तेवढा अपवाद, तोही सौम्य आणि पूर्ण धुवून काढायचा."

दोन दिवस कापशी दवाखान्यात राहिली. त्या दोन दिवसांत वाल्मीकभाऊंचा डावा अंगठा एकदाही हलताना दिसला नाही. गाडीच नव्हती त्यांच्या डोक्यावर, नुसते जमिनीवर आभाळाकडे बघत पडायचे. मी दसऱ्याचं सोनं द्यायला गेले आणि म्हटलं, माझ्या जिभेला हाड नाही, ते घमेल्याचं मीच बोलले. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

ते म्हणाले, "तुमी म्हनला म्हनून नाय वहिनी. मला तिला पाटाजवळ बसवायची व्हती. मला लय भारी वाटत व्हतं घासताना."

तिसऱ्या दिवशी ती घरी आली, अंग चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचा भोंगा. जीव वाचला होता. पण ती गॅरेजकडे वळलीच नाही. रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आली आणि पिठाच्या डब्याखाली जाऊन बसली. वाल्मीकभाऊ मागोमाग आले, उंबऱ्याबाहेर बसले, हात पुढे केला. तिने लांबूनच हुंगलं आणि तोंड भिंतीकडे केलं. चाळीस वर्षांचं डिझेल होतं त्या हाताला. त्यांच्या तोंडावर तेव्हा जे आलं ते मला बघवलं नाही, मी उगाच बरण्या पुसत बसले.

अंगावरचं ग्रीस अजून होतंच. डिझेलने ते गेलं नव्हतं, नुसतं पसरून केसांच्या मुळाशी बसलं होतं. लाल झालेली कातडी भरून आली की हळूहळू काढा, असं डॉक्टरने सांगितलं होतं, आणि कसं तेही. आठवडाभराने ते काम माझ्यावर आलं. वाल्मीकभाऊ उंबऱ्याबाहेरून सांगणार आणि मी करणार. ग्रीस कसं सुटतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक, आणि कुत्री हात लावू देणार मला. आंधळ्याच्या खांद्यावर लंगडा बसला.

जिथे केसांच्या गाठीच झाल्या होत्या तिथे कातडी आणि कात्री यांच्यामध्ये कंगवा धरायचा आणि कंगव्याच्या वरची गाठ कापायची, म्हणजे कातडीला कात्री लागत नाही. बाकीच्या जागी घाण्याचं शेंगदाणा तेल, थोडंसंच, बोटांनी चोळायचं. मला हे पटेना. तेलकटाला पुन्हा तेल? ते म्हणाले, वाळलेल्या ग्रीसवर ताजं ग्रीस मारलं की जुनं आपोआप ढिलं पडतं, तसंच हे. आणि खरंच, दहा मिनिटांत काळं काळं बोटाला येऊ लागलं. ते जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने टिपायचं, घासायचं नाही. मग वर मक्याचं पीठ भुरभुरायचं, ते तेल पिऊन घेतं. थोडा वेळ ठेवून कंगव्याने झाडायचं. नाकाडोळ्यांवर पीठ उडू द्यायचं नाही. शेवटी कोमट पाणी आणि भांड्यांचा पातळ साबण, थेंबभर, डोळे सांभाळून, आणि मग पाणी, पाणी, पाणी, निसरडेपणा जाईपर्यंत. गरम पाणी नाही, घाई नाही. कोरडं करून उन्हात बसवायचं आणि तोवर भोंगा काढायचा नाही. एका दिवसात एक पंजाएवढी जागा, बस. उरलेलं दोन दिवसांनी. रोज साबण लावला तर कातडी कोरडी पडते.

गिऱ्हाइकं हसायची. सुलाबाई, कुत्र्याची भजी तळताय का? तेल लावलं, पीठ लावलं, आता कढई तेवढी ठेवा. ज्याने त्याने आपापली थट्टा करून घेतली, आणि मी, जिला उत्तर शोधावं लागत नाही, ती गप्प राहून कंगवा फिरवत होते. कार्तिकातलं ऊन दुकानाच्या पायरीवर यायचं. पिठाचे कण त्या उन्हात तरंगत राहायचे, कापशीचे डोळे हळूहळू मिटायचे. उंबऱ्याबाहेर वाल्मीकभाऊ बोलत असायचे, ग्रीसबद्दल सुरुवात करून कुठल्याशा लांबच्या गावात जाऊन पोचलेले. कधी कधी मलाही त्या गावातली विहीर दिसायची. माझ्या हातून इतका सावकाश वेळ कधी गेला नव्हता.

एक दिवस त्यांनी माझ्याकडे तेल मागितलं, वाटीभर. मक्याचं पीठही. मी म्हटलं, अजून आहे की आपल्याकडे. तर म्हणाले, तिच्यासाठी नाय.

मग मी पाहिलं, गॅरेजच्या नळावर ते स्वतःच्या हातांना तेल चोळत बसले होते. बोट न् बोट, नखाच्या खाली, तळव्याच्या रेघेरेघेत. मग पीठ, मग साबण. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कामाला रबरी मोजे घालू लागले. डिझेलची चिंधी बंद. शेखरशेठ म्हणाले, या वयात नवरदेव व्हायचंय का. वाल्मीकभाऊ रोज संध्याकाळी यायचे, उंबऱ्याबाहेर बसून तळवा जमिनीवर उताणा ठेवायचे. हाक नाही, "बैठो" नाही. तिने हुंगून तोंड फिरवलं की उठून जायचे. दोन हातांवरून ती एका हातावर आली. मग वीतभर. पुढे मात्र नाहीच. पंधरा दिवस ती त्या वीतभरावर अडून बसली.

तोवर कापशी पुन्हा पांढरी झाली होती, एका बरगडीवरचा राखाडी डाग तेवढा राहिला. वाल्मीकभाऊंचे हात मी पहिल्यांदाच पाहत होते. गोरेपान नव्हेत, पण गव्हाळ, आणि तळव्यावर चिक्कार बारीक रेघा. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी त्यांनी काडेपेटीचे सुट्टे पैसे फळीवर न ठेवता माझ्या हातात दिले. दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात, भरदुपारी, रेंज सुरू झाली. पहिल्याच आवाजाला बरण्या किणकिणल्या. खंडेनवमीनंतर इतक्या जवळून पहिल्यांदाच. कापशी डब्याखालून ताडकन उठली. मी साखर मोजत होते, तराजू तसाच धरून म्हटलं, बस, बैठो, मी आहे ना. तिने माझ्याकडे पाहिलं. मग उंबऱ्यावर येऊन उभी राहिली, कान मागे, अंग कापतंय. समोर एक द्राक्षाच्या पेट्यांचा ट्रक उभा होता आणि त्याखालून दोन पाय बाहेर आले होते.

दुसरा आवाज झाला आणि ती सुटली. रस्ता ओलांडून, थेट त्या ट्रकखाली.

मी तराजू टाकून धावले. पंचावन्न वर्षांची बाई रस्त्यावर गुडघे टेकून ट्रकखाली डोकावतेय, लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलं असेल. वाल्मीकभाऊंनी मोजे काढले होते. उताणे पडले होते आणि तळवा उघडा, जमिनीवर, रोज ठेवायचे तसा. ती वीतभरावर थांबली होती. तिसरा आवाज झाला. ती पुढे सरकली, तळवा हुंगला, मग चाटला. एकदा, दोनदा, मग सगळा तळवा, बोटांच्या मधल्या जागासुद्धा. त्यांनी हात मागे घेतला नाही. घ्यायचं कारण नव्हतं. तो हात आता कोणीही चाटावा असा होता. मग ती वळली, त्यांच्या काखेत पाठ टेकवून पडली.

वाल्मीकभाऊंच्या कानशिलांवरून पाणी केसांत उतरत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात हलवला नाही.

तोफा थांबल्या. ड्रायव्हर येऊन हॉर्न वाजवू लागला, माल मुंबईला पोचवायचा होता. शेखरशेठ बाहेर आले. मी खालीच होते अजून. कापशी झोपली होती, आणि तिचे पाय हलायला लागले होते, भरभर, लांबवर पळत असल्यासारखे.

"वहिनी," वाल्मीकभाऊ अगदी हळू म्हणाले, "गेली बघा ती. परत येईस्तोवर गाडी हलवू नका."

मी उठले, पदर झाडला आणि ड्रायव्हरला म्हटलं, गाडीचं काम निघालंय, तासभर तरी लागेल. तो कुरकुरला. मी त्याला चहा पाजला, आणि द्राक्षं काय पळून चाललीत का, असंही सुनावलं.